स्पीकरची पिन: वाडीतल्या साउंडच्या कामातून

ॲम्प्लिफायरमधून निघालेला प्रवाह स्पीकरच्या कॉइलपर्यंत पोहोचायचा म्हणजे त्याला किमान चार जोड ओलांडावे लागतात. ॲम्प्लिफायरचे सॉकेट, वायरीचे पहिले टोक, दुसरे टोक आणि बॉक्सच्या मागचे सॉकेट. वायर दहा फुटांची असो की शंभर फुटांची, ती मधेच सहसा तुटत नाही. बिघाड होतो तो टोकांवर. आवाज अचानक जाणे, खरखरणे, एक बाजू बंद पडणे, या तक्रारींचा शोध घेताना जाणता साउंडवाला आधी पिन हलवून बघतो आणि मगच ॲम्प्लिफायरकडे वळतो.

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती मार्गावर वाडी आहे. ट्रान्सपोर्टची गोदामे, आयुध निर्माणीच्या वसाहती, दत्तवाडीतली दाट वस्ती, आणि या सगळ्यांत वर्षभर काही ना काही कार्यक्रम. १४ एप्रिलची जयंती, पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, गणपती, देवीचे मंडप, लग्नाची वरात, आणि ट्रकवर वाजत जाणारे खास नागपुरी संदल-धुमाळ. या कामात साउंडचा सामान टेम्पोतून येतो, तासा-दोन तासांत लागतो आणि रात्री दहाला बंद होऊन परत गाडीत चढतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ही बंदीची वेळ ठरवून दिल्यापासून उतरवण्याची घाई आणखी वाढली. एका हंगामात एकेक पिन शेकडो वेळा लागते आणि निघते. ती लावणारा हात दर वेळी जाणकाराचाच असेल, याची खात्री नसते. मंडळाची पोरे उत्साहाने मदतीला येतात, अंधार असतो, जनरेटरचा गोंगाट असतो. म्हणून वाडीसारख्या ठिकाणी पिन निवडताना आवाजाच्या गोडीआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही पिन भलत्याच जागी बसू शकते का?

आधी थोडा हिशेब. १००० वॉटचा ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला पूर्ण ताकदीने चालवत असेल, तर वायरीतून सुमारे १६ अँपिअर प्रवाह जातो आणि दोन टोकांमध्ये साधारण ६३ व्होल्ट असतात. संगीताची सरासरी यापेक्षा बरीच कमी राहते हे खरे, पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला प्रवाह त्या उंचीवर जाऊन येतो. आता एखादा पेच सैल आहे, तांब्यावर काळी झाक चढली आहे आणि त्या एका जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आहे असे धरू. पूर्ण शक्तीला त्या चिमूटभर जागेत सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॉटचे असते. प्लास्टिक मऊ होते, स्प्रिंगचा ताण जातो, पकड आणखी सैल होते आणि रोध आणखी वाढतो. एकदा तापलेली पिन स्वतःहून सुधारत नाही, ती बिघडतच जाते. नागपूरच्या मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर असते, तेव्हा या चक्राला सुरुवातच वरच्या पायरीवरून मिळते.

जुन्या सेटांमध्ये अजूनही सापडणारी सर्वांत घातक सवय म्हणजे स्पीकरच्या वायरीला घरगुती विजेचा टू-पिन लावणे. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. टू-पिन कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो, स्वस्त असतो, मजबूत असतो आणि पेचकसाने दोन मिनिटांत लागतो. पण तोच टू-पिन मंडपातल्या बोर्डातही तितक्याच सहज बसतो. ८ ओहमच्या बॉक्सला २३० व्होल्ट मिळाले तर हिशेबाने साडेसहा हजार वॉटच्या वर शक्ती कॉइलवर कोसळते. कॉइल क्षणात जळते, कधी कोनही पेट घेतो. उलट बाजूचा धोका माणसाला आहे. वायरीच्या ॲम्प्लिफायरकडच्या तुकड्याला नर पिन असेल तर चालू सेटमध्ये ती उघडी राहते आणि तिच्यावर साठ-सत्तर व्होल्ट खेळत असतात. शिवाय टू-पिन कसाही उलटसुलट बसतो, त्यामुळे धन-ऋण बाजू पाळली जाण्याची काही हमीच राहत नाही. ज्याच्या सेटमध्ये असे टू-पिन उरले असतील त्याने ॲम्प्लिफायर बदलण्याआधी, नवे बॉक्स घेण्याआधी, ते काढून टाकावेत. या खर्चाइतका उपयोगी दुसरा खर्च या धंद्यात नाही.

नुसती सोललेली वायर पेचाखाली किंवा दाबाच्या क्लिपमध्ये घालणे हा त्याहून जुना मार्ग. एका जागी कायम बसवलेल्या स्पीकरला तो चांगला चालतो. फिरत्या कामात मात्र दर वेळी टोक नव्याने सोलावे लागते, बारीक तारा तुटून कमी होत जातात आणि एखादी तार शेजारच्या टोकाला टेकली की ॲम्प्लिफायर शॉर्ट होतो. वायर पेचाखाली घालण्यापूर्वी टोकाला सोल्डर पाजण्याची पद्धत अनेकांना पक्की वाटते, पण ती टाळलेलीच बरी. सोल्डर मऊ धातू आहे. पेचाच्या दाबाखाली तो हळूहळू दबत जातो आणि आठवड्याभरापूर्वी घट्ट आवळलेला पेच सैल सापडतो. ट्रकवरच्या धुमाळात, जिथे बेसच्या बॉक्सची थरथर तासन्‌तास प्रत्येक पेचाला बसते, हे फार लवकर घडते. पेचाखाली जायच्या टोकाला तांब्याची नळी किंवा लग दाबून बसवावा, तेही नसेल तर कोऱ्या तारा नीट पिळून घालाव्यात.

पाव इंची जॅक, बाजारात ज्याला पी-३८ म्हणतात, तो मुळात टेलिफोन एक्स्चेंजमधला. ऑपरेटरला झटपट लावता-काढता यावा म्हणून घडलेला. आवाजाच्या बारीक सिग्नलसाठी तो उत्तम आहे. गिटार, कीबोर्ड, मिक्सर यांच्याकडे तो अजून राज्य करतो. स्पीकरसाठी त्याचे दोन दोष जड पडतात. आत त्याचा संपर्क अगदी बारीक जागेत होतो, त्यामुळे मोठा प्रवाह त्याला पेलत नाही. आणि चालू ॲम्प्लिफायरमध्ये तो घालता-काढताना त्याचे टोक आणि अंग क्षणभर एकमेकांशी जोडले जाऊन शॉर्ट होऊ शकतो. मध्यम शक्तीच्या जुन्या बॉक्सना जॅक असतोच. तिथे ॲम्प्लिफायर बंद करून मगच पिन लावण्याचा शिरस्ता कडक ठेवावा लागतो. याहून वाईट गोंधळ वायरीचा होतो. दिसायला सारखीच पिन असल्यामुळे कीबोर्डची जाळीदार बारीक वायर कोणीतरी स्पीकरला लावतो आणि ती तापते. स्पीकरची जाड वायर कीबोर्डला लागते आणि सेटमध्ये घुमघुम सुरू होते.

तीन पिनांच्या एक्सएलआरचीही हीच गत. माईकची पिन म्हणून ती जगभर प्रमाण ठरली आहे. एकेकाळी मोठ्या कंपन्यांचे बॉक्सही एक्सएलआरवर चालत. पण ॲम्प्लिफायरच्या आउटपुटची वायर चुकून मिक्सरच्या माईक इनपुटमध्ये गेली, तर हजारांश व्होल्ट झेलायला बनलेल्या सर्किटवर पन्नास-साठ व्होल्ट येतात. मिक्सरचा तो चॅनल, कधी पूर्ण बोर्डच, जातो. माईक आणि स्पीकर यांना एकच पिन देणे म्हणजे ही चूक कधीतरी होणारच, असे मान्य करून सेट बांधणे.

या सगळ्या अनुभवातूनच १९८७ मध्ये स्पीकॉन आला. लिश्टेनस्टाइनमधल्या शान गावी १९७५ मध्ये सुरू झालेल्या न्यूट्रिक कंपनीने तो फक्त ॲम्प्लिफायर ते स्पीकर एवढ्याच कामासाठी घडवला. तोवर ॲम्प्लिफायरची ताकद इतकी वाढली होती की उघड्या धातूची पिन हाताला लागणे धोक्याचे झाले होते. स्पीकॉनमध्ये धातूचे संपर्क प्लास्टिकच्या आत असतात, बोट तिथे पोहोचत नाही. पिन सॉकेटमध्ये घालून उजवीकडे फिरवली की टक् असा आवाज होतो आणि खटका बसतो. मग कोणी वायरीला अडखळला तरी ती सुटत नाही. काढताना खटका मागे ओढून उलटे फिरवायचे. विजेच्या बोर्डात, मिक्सरमध्ये किंवा माईकच्या सॉकेटमध्ये तो बसूच शकत नाही. चार संपर्कांच्या एनएल४ नमुन्याला सतत ४० अँपिअर प्रवाह पेलतो, म्हणजे वरच्या हिशेबातल्या १६ अँपिअरच्या अडीचपट.

वाडीत, आणि एकूणच विदर्भातल्या भाड्याच्या साउंडमध्ये, आज एनएल४ निवडणे जवळपास प्रत्येक वेळी योग्य ठरते. दोन संपर्कांचा एनएल२ स्वस्त पडतो, पण त्याच्या सॉकेटमध्ये एनएल४ ची पिन जात नाही. उलट एनएल२ ची पिन एनएल४ सॉकेटमध्ये जाते. दुसऱ्याच्या सेटशी गाठ पडली, ऐनवेळी शेजारच्या मंडळाचा बॉक्स जोडावा लागला, तर चार संपर्कांचे सॉकेट दोघांनाही सामावून घेते. अशी उसनवारी या धंद्यात रोजची आहे.

पिन लावण्याचे काम घाईचे नाही. आधी मागचे बूच आणि पकडीची चकती केबलवर सरकवून ठेवायची. सगळे पेच आवळून झाल्यावर बूच आठवले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. केबलचे वरचे जाड आवरण साधारण २० मिलीमीटर काढायचे आणि आतल्या प्रत्येक तारेचे टोक ८ मिलीमीटर सोलायचे. ब्लेड फिरवताना तांब्याच्या बारीक तारा कापल्या जाणार नाहीत, याकडे लक्ष ठेवायचे. कापलेल्या तारा त्या वेळी दिसत नाहीत, पण वाकण्याच्या जागी उरलेल्या तारा एकेक करून तुटतात. लाल तार १+ ला, काळी १− ला. पेच आवळल्यावर प्रत्येक तार हलकेच ओढून पाहायची. मग आतला भाग कवचात बसवायचा, चकती मागे लावायची आणि बूच फिरवून घट्ट करायचे. चकतीने केबलचे जाड आवरण धरले पाहिजे, आतल्या तारा नव्हे. ओढ आवरणावर आली की पेचांना तिचा त्रास होत नाही. नागपूरच्या बर्डीच्या बाजारात स्पीकॉनसारख्या दिसणाऱ्या स्वस्त पिनाही मिळतात. त्यांची परीक्षा सोपी: खटका दहा-बारा वेळा लावून काढावा आणि संपर्काची पट्टी पातळ आहे का ते उघडून बघावे. खटका जिथे ढिला पडतो ती पिन ट्रकवर नेऊ नये.

पिन चांगली आणि वायर हलकी, ही जोडी तर सर्रास दिसते. १ चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या जोडवायरीने ३० मीटरवरचा ४ ओहमचा बॉक्स जोडला, तर जाण्या-येण्याच्या ६० मीटरांचा रोध एक ओहमच्या वर जातो आणि बॉक्सला त्याच्या हक्काच्या शक्तीपैकी ६३ टक्केच मिळते. २.५ चौरस मिलीमीटरला हाच आकडा ८२ टक्क्यांवर येतो, ४ चौरस मिलीमीटरला ८८ वर. हे गणित २० अंश तापमानाचे आहे. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे उन्हात ४५ अंशांना पोहोचलेली वायर आणखी दहा टक्के खाते. ॲम्प्लिफायर बॉक्सच्या जवळ नेला की हा प्रश्न अर्ध्याहून अधिक सुटतो. मंडपाच्या एका कोपऱ्यातून सगळीकडे स्पीकरच्या वायरी ओढण्यापेक्षा ॲम्प्लिफायरची पेटी स्टेजच्या बाजूला ठेवून सिग्नलची बारीक वायर लांब नेणे केव्हाही शहाणपणाचे.

बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही तांब्याच्या नावाखाली विकली जाते. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि वाकवल्यावर ती लवकर तुटते. पेचाखाली तर ती चेपून पसरते. ब्लेडने एक तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो, आणि एवढ्याच जाडीच्या खऱ्या तांब्याच्या गुंडाळीपेक्षा तिची गुंडाळी हाताला हलकी लागते. स्पीकॉन कितीही चांगला असला तरी या वायरीवर तो वाया जातो.

चार संपर्कांचा खरा उपयोग मोठ्या सेटमध्ये होतो. एका चार तारी केबलमधून बेसला १+ आणि १−, टॉपला २+ आणि २− अशी वाटणी केली की दोन ॲम्प्लिफायरचा आवाज एकाच केबलने बॉक्सपर्यंत जातो. इथे शिस्त लागते. एका सेटमध्ये बेस पहिल्या जोडीवर असेल तर तो सगळीकडे पहिल्या जोडीवरच असला पाहिजे. दोन साउंडवाले एकत्र आले आणि एकाची वाटणी उलटी निघाली, तर बेसचा सगळा जोर टॉपच्या नाजूक ड्रायव्हरवर जातो आणि तो पहिल्याच गाण्यात जळतो. ॲम्प्लिफायर ब्रिजमध्ये, म्हणजे दोन चॅनल मिळून एकच बॉक्स, असा चालवतानाही मागच्या पट्टीवर काय लिहिले आहे ते वाचूनच पिन जोडावी. ब्रिजमध्ये दोन्ही टोके जिवंत असतात, एकही टोक जमिनीला जोडलेले नसते, आणि बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये नेहमीची १+ १− ही जोडी त्या कामाची नसते.

स्पीकॉनच्या सोयीमुळे एक नवी अडचणही आली आहे. बॉक्सच्या मागे दोन सॉकेट असतात, आणि ती आतून समांतर जोडलेली असतात. एका बॉक्सवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला वायर देणे इतके सोपे झाले की मोजायचे राहून जाते. ८ ओहमचे दोन बॉक्स ४ ओहम होतात, तिसरा जोडला की २.६७. ४ ओहमपर्यंतच चालणारा ॲम्प्लिफायर त्या रात्री कधीतरी तापून बंद पडतो आणि दोष पिनेवर ढकलला जातो.

देवळांचे, विहारांचे, मशिदींचे भोंगे हा वेगळा कारभार. तिथे बहुधा १०० व्होल्टची लाइन असते. प्रत्येक भोंग्याला छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, ३० वॉटचा भोंगा जेमतेम ०.३ अँपिअर घेतो आणि त्यामुळे पाव किलोमीटरवरही साधी वायर पुरते. ॲम्प्लिफायरच्या मागच्या पेचांच्या पट्टीवर लग बसवलेली वायर लावली की वर्षानुवर्षे काही करावे लागत नाही, फक्त पावसाचे पाणी पट्टीत उतरू नये एवढे पाहावे. या लाइनला कोणत्याही परिस्थितीत मंडपाच्या बॉक्सची पिन देऊ नये. ८ ओहमचा बॉक्स १०० व्होल्टवर गेला तर तो १२५० वॉट मागतो, म्हणजे बॉक्स तरी जातो किंवा ॲम्प्लिफायर तरी. दोन्ही प्रकारचा सामान एकाच गाडीत असेल तर पिना वेगळ्या ठेवणे हाच उपाय. नुसत्या चिकटपट्टीवर लिहिलेल्या सूचनेवर भरवसा ठेवता येत नाही.

घरचा सेट या सगळ्यापेक्षा सौम्य. दत्तवाडीतल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये रिसीव्हरपासून स्पीकर पाच मीटरवर असतो. तिथे १.५ चौरस मिलीमीटरची तांब्याची वायर पुरून उरते. ८ ओहमच्या स्पीकरला तिचा भार दीड टक्क्याच्या आतच बसतो. रिसीव्हरच्या मागे लाल-काळे पेचदार खुंटे असतात आणि त्यांत तीन गोष्टी बसतात: कोरी वायर, यू आकाराचा लग किंवा ४ मिलीमीटरची बनाना पिन. बनानाचा जन्म १९२४ च्या आसपासचा. जिथे सफाईसाठी स्पीकर वारंवार हलवावे लागतात तिथे ती सर्वांत सोयीची. कायम बसवलेल्या ठिकाणी यू लग पेचाखाली जास्त घट्ट बसतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनेसाठी थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. सोने तांब्याहून चांगला वाहक नाही, पण त्याला गंज चढत नाही, आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत ते कामी येते. आवाज बदलण्याच्या आशेने मात्र पिनेवर हजारो रुपये घालू नयेत. तेवढ्या पैशांत स्पीकर नीट जागी ठेवणे आणि खोलीत जाड पडदा लावणे जास्त फळ देते.

बनानाच्या बाबतीत एक खबरदारी घरात लहान मुले असतील तर टाळता येत नाही. जोडबनानाच्या दोन दांड्यांतले अंतर पाऊण इंच, म्हणजे १९ मिलीमीटर, ठेवण्याची रीत आहे. आपल्या भिंतीवरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या छिद्रांतले अंतरही तेवढेच, आणि ती छिद्रे ४ मिलीमीटरच्या दांडीपेक्षा मोठी असतात. युरोपात असाच धोका ओळखून स्पीकरच्या खुंट्यांची मागची छिद्रे प्लास्टिकच्या बुचांनी बंद करून विकायला सुरुवात झाली. आयात रिसीव्हरवर ती बुचे आजही दिसतात. म्हणून घरात बनाना वापरायची तर सुटी, एकेरी वापरावी, आणि स्पीकर काढून ठेवला असेल तर वायर भिंतीजवळ लोंबती ठेवू नये.

धन-ऋणाची तपासणी घरी आणि मंडपात सारखीच. बेसच्या वायरीच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. धन टोक लाल तारेला असताना कोन बाहेर सरकला तर जोडणी बरोबर. दोन बॉक्सपैकी एकाचा कोन आत गेला तर दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला बॉक्स बदलला तरी जोर काही वाढत नाही असे वाटत राहते. टॉपच्या हॉर्न ड्रायव्हरवर हा प्रयोग करू नये.

गणपतीच्या आधी, श्रावणात, सगळ्या वायरी एकदा बाहेर काढून तपासणे हे साउंडवाल्याच्या वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम. प्रत्येक पिन उघडायची, पेच पुन्हा आवळायचे, काळवंडलेले टोक कापून नवे सोलायचे. मल्टीमीटरने दोन टोकांमधला रोध मोजताना केबल पिनेजवळ वाकवून पाहायची; आकडा उड्या मारत असेल तर आत तार तुटत आली आहे. ज्या पिनेचे प्लास्टिक पिवळे किंवा भाजल्यासारखे दिसते ती फेकून द्यायची, कारण तिच्यातली स्प्रिंग तापून मेलेली असते. प्रत्येक केबलवर लांबी, जाडी आणि आतल्या तारांची संख्या लिहिलेली असली की मंडपात अंदाज लावावा लागत नाही.

अलीकडे ॲम्प्लिफायर बॉक्सच्या आतच बसवलेले पॉवर्ड बॉक्स वाढत आहेत. तिथे स्पीकरची वायर उरत नाही. बॉक्सपर्यंत सिग्नलची एक्सएलआर जाते आणि विजेची वेगळी केबल. त्या विजेच्या केबलला अनेक बॉक्सांवर पॉवरकॉन असतो. तो स्पीकॉनचाच भाऊ दिसतो, फिरवून लावायची तऱ्हाही तीच, पण आतल्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे स्पीकॉनच्या सॉकेटमध्ये तो जात नाही. वीज आत घेणारा निळा आणि बाहेर देणारा करडा हेही एकमेकांत बसत नाहीत. साधा पॉवरकॉन भार चालू असताना काढायचा नसतो, आधी बॉक्सचा स्विच बंद करावा लागतो. ट्रू१ नावाच्या पुढच्या नमुन्यात ती अट राहिलेली नाही. जुने आणि नवे बॉक्स मिसळून सेट लावणाऱ्याने दोन्ही प्रकारच्या केबल वेगवेगळ्या पेट्यांत भराव्यात, आणि पेटी भरण्याचे काम रात्री उतरवतानाच करावे, सकाळी गाडी निघण्याच्या वेळेसाठी ठेवू नये.